समतेची बाजू कुठल्या पायावर मांडायची?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची दुसऱ्यांदा शपथ घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी, २१ जानेवारी २०२५ रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी १९६५ सालचा एक आदेश रद्द केला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काढलेल्या त्या आदेशानुसार सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना वंश, रंग किंवा धर्म पाहून कुणाला कामावरून डावलता येत नव्हतं. शिवाय ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवलं गेलं त्यांना आत आणण्यासाठी स्वतःहून पावलं उचलण्याचं बंधनही त्यांच्यावर होतं. साठ वर्षांची ही तरतूद एका सहीनिशी गेली. मोठ्या कंपन्यांनी तर त्या सहीचीही वाट पाहिली नव्हती. वॉलमार्टने नोव्हेंबर २०२४ मध्येच आपले विविधतेचे कार्यक्रम आवरते घेतले होते. मॅकडॉनल्ड्स आणि मेटा यांनी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तेच केलं. कॉस्टकोसारखी एखादी कंपनी मात्र ठाम राहिली. हे कार्यक्रम कंपनीला धोक्याचे आहेत का, याचा अहवाल मागणारा ठराव तिच्या भागधारकांनी ९८ टक्क्यांहून अधिक मतांनी फेटाळला.

विविधता, समता आणि समावेशन या तीन गोष्टींना कंपन्यांच्या जगात ‘डीईआय’ म्हणतात. तिकडचं भांडण तिकडेच राहू दे, असं म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या कितीतरी कार्यालयांची धोरणं अमेरिकेतल्या मुख्यालयात ठरतात, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. तिथे जे आक्षेप आज घेतले जातात, म्हणजे गुणवत्तेचा बळी जातो, जुन्या अन्यायाची शिक्षा आजच्या पिढीला होते, माणसाकडे माणूस म्हणून न पाहता गट म्हणून पाहिलं जातं, ते सगळे आपण शंभर वर्षं ऐकत आलो आहोत. त्यांची उत्तरंही आपल्याकडे तयार झालेली आहेत. समावेशनाची बाजू मी मनापासून घेतो. पण ती ज्या युक्तिवादावर गेली काही दशकं उभी केली गेली, तो मला पहिल्यापासून कच्चा वाटत आला आहे.

तो युक्तिवाद कुठून आला हे पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. १९७८ साली ‘बाकी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या राखीव जागा रद्द केल्या. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण निर्णायक मताचे न्यायमूर्ती पॉवेल यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी एक खिडकी मात्र उघडी ठेवली. वर्गात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची मुलं असली तर सर्वांचंच शिक्षण चांगलं होतं, म्हणून प्रवेश देताना वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेता येईल, असं त्यांनी म्हटलं. त्या दिवसापासून अन्याय हा शब्द मागे पडला आणि फायदा हा शब्द पुढे आला. विद्यापीठांनी तोच धडा गिरवला. कंपन्यांनी त्याला पैशाचं रूप दिलं. मॅकिन्झीचे २०१५ पासूनचे अहवाल प्रत्येक सादरीकरणात झळकू लागले : वरच्या फळीत विविधता असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात.

पुढे काय झालं? २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड या दोन अभ्यासकांनी अमेरिकेच्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांची माहिती घेऊन तोच हिशेब पुन्हा मांडून पाहिला, तेव्हा तो निष्कर्ष त्यांना मिळाला नाही. त्याआधीच, २९ जून २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत पॉवेल यांची खिडकीही जवळजवळ बंद करून टाकली होती. फायद्यासाठी जे घेतलं, ते फायदा दिसेनासा झाल्यावर सोडून देणं कंपन्यांना अवघड गेलं नाही. विविधतेने नफा होत नाही, असं मला म्हणायचं नाही. कधी होत असेल, कधी नसेल. पण आपल्या शेजारी बसून काम करण्याचा एखाद्या माणसाचा हक्क ताळेबंदावर का ठरावा, हा माझा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला गेला. १८९४ मध्ये शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर आले तेव्हा संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० जण एकाच जातीचे होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज स्वतः इंग्लंडमध्ये असताना, त्यांचा आदेश निघाला : यापुढे ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्याव्यात. हा आदेश आपण दरवर्षी आठवतो. त्याच्या आगेमागे काय केलं गेलं ते मात्र आठवत नाही. १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहू लागली होती. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या मुलांना शहरात राहून शिकता यावं याची व्यवस्था होत होती, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. नोकरीत जागा ठेवायची तर त्या जागेपर्यंत पोचणारा मुलगाही घडवावा लागतो. त्याला दोन वेळचं जेवण, अंथरूण-पांघरूण आणि अभ्यासाला कंदील लागतो, हे त्या माणसाला कळलं होतं.

आणि गंगाराम कांबळे यांची हकिकत. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सरकारी पागेतल्या या नोकराला मारहाण झाली. महाराजांनी त्यांना मदत देऊन चहाचं दुकान काढायला लावलं. अस्पृश्याच्या हातचा चहा गावात कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. वरिष्ठ स्वतः पुढे झाला की खालच्यांना निमित्त उरत नाही. आजच्या कुठल्याही कार्यालयात कनिष्ठाला सामावून घेण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट याच्या उलट दिशेची आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं जास्त आहे. विणकामाच्या खात्यात, साच्यांवर, मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली मिळे. पण दलित कामगारांना तिथे प्रवेश नसे. कारण असं सांगितलं जाई : धोट्यातली कांडी संपली की नवी भरताना धाग्याचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावं लागतं. एका पाळीतल्या कामगाराचा धोटा दुसऱ्या पाळीतल्याच्या तोंडाला लागणार, आणि हे स्पृश्य कामगारांना चालणार नव्हतं. कुठल्या गिरणीच्या दारावर तशी पाटी नव्हती. मालकाला कापड हवं होतं, कामगार पुढाऱ्यांना संप हवा होता, आणि या दोघांनाही ही रीत मोडून साचेवाल्यांचा रोष ओढवून घ्यायचा नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संप समितीपुढे मांडला. मजुरांच्या एकीची भाषा बोलणाऱ्यांना त्यांनी विचारलं की या एकीत आमचा कामगार चांगल्या मजुरीच्या खात्यात का नाही. भेदभाव बहुतेक वेळा असाच चालतो. तो कामाच्या पद्धतीत मुरलेला असतो, त्याला तांत्रिक कारण जोडलेलं असतं आणि तो कुणा एकाचा गुन्हा नसतो. म्हणून ‘आमच्या कंपनीत कुणी जात मानत नाही’ हे वाक्य खरं असूनही अपुरं असतं.

ते किती अपुरं असतं हे मोजून झालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, बदललं फक्त नाव : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण नावाच्या तुलनेत मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. या अर्जदारांना कुणी पाहिलेलंही नव्हतं. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिलं की, बहुतेकांच्या मते निवड गुणवत्तेवरच होते आणि तेच अधिकारी मुलाखतीत उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ही आवर्जून विचारतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नाव सांगितलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ आणि आडनावावरून अंदाज लागला नाही तर, ‘म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?’ वडील काय करतात, घरी कोण कोण असतं, इंग्रजी माध्यम होतं का, हे सगळं आपुलकीने विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेलही. पण लातूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या, वडील सालगडी असलेल्या मुलीला त्या खोलीत प्रत्येक उत्तराबरोबर आपण मागे पडतो आहोत हे कळत असतं. शिवाय ओळखीतून शिफारस आली तर भरती सोपी जाते आणि शिफारस करणाऱ्याला बक्षीसही मिळतं. ज्यांच्या ओळखीत आधीच आत गेलेलं कुणी नाही, त्यांनी काय करायचं?

गुणवत्तेचा मुद्दा टाळून पुढे जाणं बरोबर नाही, कारण प्रामाणिक माणसंही तो मांडतात. ज्यांना तो छळतो त्यांनी रेल्वेचा अभ्यास पाहावा. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी १९८० ते २००२ या काळातली भारतीय रेल्वेच्या विभागांची आकडेवारी तपासली. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली असा कुठलाही पुरावा त्यांना मिळाला नाही. वरच्या श्रेणींतल्या पदांवर तर काही ठिकाणी परिणाम अनुकूलच दिसला. जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खुल्या परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता असं मानता येत नाही. त्या गुणांमागे घर, पैसा, शिकवणी आणि वारशाने मिळालेला आत्मविश्वास उभा असतो. आपल्या राज्यघटनेत तर मागास वर्गांसाठी सरकारी नोकरीत जागा राखण्याची मुभा देणारं कलम १६(४) पहिल्यापासूनच आहे. अमेरिकेत पॉवेल यांना जी गोष्ट आडवळणाने सांगावी लागली ती आपण सरळ लिहून ठेवली आहे.

मग आपलं कुठे अडलं? घटनेने लिहिलेलं सरकारी दारापाशी थांबतं. नोकऱ्या वाढल्या खासगी क्षेत्रात आणि सरकारी कामं गेली कंत्राटावर. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुणांचा संताप पाहून पुढच्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. पण सफाई, सुरक्षा, संगणकावर नोंदी करणं ही कामं ठेकेदाराकडे केव्हाच गेली आहेत, आणि ठेकेदाराला आरक्षणाची बिंदुनामावली लागू नाही. २००६ मध्ये मनमोहन सिंग यांनी उद्योगांना स्वेच्छेने काही करायला सांगितलं. उद्योग संघटनांनी आचारसंहिता केली, काही उद्योगसमूहांनी प्रशिक्षणाचं कामही नेटाने चालवलं. पण स्वेच्छेला ना मुदत, ना हिशेब. २०१२ मध्ये डी. अजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या दलित उद्योजकांच्या संघटनेने, ‘डिक्की’ने, निराळी वाट धरली. नोकरी मागणारे न राहता देणारे व्हायचं, ही तिची भूमिका. २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणात दलित-आदिवासी उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचं उद्दिष्ट आलं.

या सगळ्यात मराठा तरुणाचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. शेती तुटपुंजी झाली, नोकरी मिळेना, आणि समोर वाट्याची एकच दिसणारी रांग आरक्षणाची. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला, २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा आला. रांगेत कोण पुढे यावरच भांडण चालू राहतं, आणि खासगी क्षेत्राचं मोठं दार कुणासाठी किती उघडं आहे हे कुणी विचारत नाही. ही गोष्ट मला फार खुपते.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र कायद्याने भरलेलं आणि अंमलात विरळ आहे. राजस्थानात १९९२ साली बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर अत्याचार झाला, त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयीची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि पुढे २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, असं तो सांगतो. गोवा विद्यापीठातलं एक प्रकरण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा चौकशी इतक्या घाईने उरकलेली होती की न्यायालयाला ती नव्याने करायला सांगावं लागलं. त्याच निकालात कायद्याच्या अंमलबजावणीतल्या त्रुटी गंभीर असल्याचंही न्यायालय म्हणालं. समिती कागदावर असली आणि काम कसं करायचं हे तिला माहीत नसलं, तर तक्रार करणारी आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, दोघेही न्यायाला मुकतात. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, ते योग्यच झालं. पण तिचा खर्च मालकावर टाकल्याने तरुण मुलींना घेतानाच हात आखडतो. हा भार समाजाने मिळून उचलायला हवा होता.

आणि कामाची जागा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारतच का येते? बीडमधून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची ती नवऱ्याच्या नावावर, काम दोघांचं. बाई पहाटे उठते, भाकरी करते, फडात मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते. एक दिवस गेली नाही तर खाडा धरला जातो आणि दंड कापला जातो. पाळीचे दिवस, आजार, बाळंतपण, सगळ्याला हाच खाडा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलं की, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. समतेच्या कुठल्याही धोरणाची कसोटी मी इथे लावतो. या बाईला फडाजवळ संडास, आठवड्याची सुट्टी आणि तिच्या नावावर तिची मजुरी मिळते का? मुंबईत २०११ पासून ‘राईट टू पी’ची चळवळ बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागत आली. या मागणीला हसणाऱ्यांना घराबाहेर दहा तास पाणी न पिता काम करण्याचा अर्थ कळलेला नव्हता.

अपंगांविषयीचा २०१६ चा कायदा मला सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला वाटतो. त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा ठेवल्या आणि ‘वाजवी सोय’ नाकारणं हा भेदभाव ठरवला. माणूस कमी पडत नाही, सोय कमी पडते, हा त्याचा गाभा. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पूर्ण अंध म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारलं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळवला आणि केरळमध्ये उपजिल्हाधिकारी म्हणून काम केलं. एकाच माणसाला एक खातं ‘जमणार नाही’ म्हणतं आणि दुसरं उपजिल्हाधिकारीपद सोपवतं. या काळात त्यांची दृष्टी तर बदलली नव्हती. मात्र २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याचं अपंगत्वाच्या दाखल्यावरून जे प्रकरण गाजलं, त्यानंतर प्रत्येक खऱ्या अपंग उमेदवाराकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. खोटा दाखला पकडायलाच हवा. त्याची किंमत सवलत बंद करून वसूल करणं म्हणजे चोराऐवजी ज्याच्या घरी चोरी झाली त्याला दंड करणं आहे.

पारलिंगी व्यक्तींना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने ओळख दिली. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी पर्याय यायला डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मला पटतो. सक्तीच्या प्रशिक्षण वर्गांनी फारसं काही बदलत नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा केलेव्ह यांनी अमेरिकेतल्या ८०० हून अधिक कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासून २०१६ मध्ये दाखवलं की, अशा वर्गांनंतर व्यवस्थापकांमधलं डावललेल्या गटांचं प्रमाण वाढत नाही, कधी घटतं. माणसाला दरडावून चांगलं करता येत नाही. उपयोगी पडलं ते निराळं : अनुभवी व्यक्तीने नवख्याचा हात धरणं, जिथे पूर्वी गेलो नाही त्या महाविद्यालयांत भरतीला जाणं, आणि आकडे कुणीतरी नियमित तपासतं आहे हे सर्वांना माहीत असणं. बंगाल-राजस्थानातल्या पंचायतींवरचा रागबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४ चा अभ्यास आणखी एक वाट दाखवतो. सरपंचपद स्त्रीसाठी राखीव झालं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. आपल्याकडेही ‘सरपंचपती’ची खूप चर्चा झाली. तरी २०११ पासून निम्म्या जागांवर बसलेल्या बायकांतल्या कितीजणी आज ग्रामसभेत स्वतः बोलतात, हे गावात जाऊन पाहावं. खुर्ची आधी मिळाली, बोलण्याची सवय नंतर लागली.

आपली विषमता आपण परदेशीही नेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. अमेरिकेतलं असं ते पहिलं शहर. हा ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी तो अडवला. तिकडे स्वतः वर्णभेदाची झळ सोसणारे आपले काही लोक या कायद्याच्या विरोधात उभे राहिले, याचं मला दुःख झालं.

मग सुरुवात कुठून करायची? मोजण्यापासून. भांडवल बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून एक वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. स्त्री कर्मचारी किती, अपंग किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, स्त्री-पुरुषांचं मध्यक वेतन किती, हे त्यात भरावं लागतं. कुणीही तो वाचू शकतं. कर्मचाऱ्यांच्या जातीचा रकाना मात्र त्यात नाही, आणि ठेकेदाराच्या माणसांची माहिती फारच त्रोटक असते. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय जाहीर केला. लोकसंख्येत कोण किती हे त्यातून कळेल. कारखान्यात, बँकेत, वृत्तपत्राच्या संपादकीय विभागात, संचालक मंडळात आणि गटार साफ करणाऱ्या ठेक्यावर कोण किती, हे कळण्यासाठी तो रकाना सेबीच्या तक्त्यात, नाव उघड न करता, भरून घ्यावा लागेल. कामगार आयुक्तांनी ठेकेदारांकडून आणि साखर आयुक्तांनी कारखान्यांकडून तशीच नोंद मागवावी. यासाठी नवा कायदा लागेलच असं नाही, बरंचसं परिपत्रकाने होईल. विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढाच प्रश्न विचारला, तरी कामाला सुरुवात होऊ शकते.